फ्रीझिया मुंबईत, काचबंद बाल्कनीत: पानं भरपूर, फूल नाही

मुलुंडची_खिडकी (प्रश्न, १८ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. मुलुंड पश्चिम, सातवा मजला, दक्षिणेकडची बाल्कनी, सरकत्या काचा लावून बंद केलेली. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रीझियाचे २० बल्ब लावले होते. सगळे उगवले. पानं दीड फूट वाढली, मग आडवी पडली आणि टोकांकडून तपकिरी होत गेली. फेब्रुवारी संपता संपता फक्त दोन झाडांना दांडा आला. चित्रात दिसते तशी वाकलेल्या मानेवर ओळीने बसलेली फुलं काही नव्हती. दांडा सरळ उभा आणि फुलं ग्लॅडिओलससारखी लांब लांब अंतरावर. वरच्या कळ्या उमलल्याच नाहीत, वाळून गेल्या.

मिश्रण असं होतं: लाल माती, कोकोपीट, शेणखत सारखे भाग, थोडा पर्लाइट, कुंडीमागे एक चमचा सिंगल सुपर फॉस्फेट. दुपारी तीनला काचेच्या आत थर्मामीटर ३६ अंश दाखवतो.

यंदा नवे ३० बल्ब जुलैअखेर आलेत. ट्यूलिपला थंडी द्यावी लागते तशी यांनाही लागत असेल म्हणून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवलेत, तीन आठवडे झाले. अजून किती दिवस ठेवू? लावायचे कधी? आणि मुळात काचेच्या आत हे मुंबईत फुलतं का, की हौस सोडून द्यावी?

कंदमुळे_ठाणे

ताई, आधी ते कंद फ्रिजमधून बाहेर काढा. आजच. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

फ्रीझिया आणि ट्यूलिप यांची रीत उलटी आहे. ट्यूलिप हा कांद्यासारखा पापुद्र्यांचा खरा बल्ब. त्याला कोरड्या अवस्थेत थंडी लागते. फ्रीझियाचा कंद म्हणजे अळकुडीसारखा भरीव गड्डा, वरून जाळीदार साल. तो मूळचा दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कडक कोरडा असतो. उन्हाळ्यात हा गड्डा तापलेल्या कोरड्या जमिनीत झोपून राहतो आणि त्या तापण्यानेच त्याची झोप संपते. साधारण ३० अंशांवर १० ते १३ आठवडे विश्रांती मिळाली की मगच तो एकसारखा उगवतो. थंडीत कोरडा ठेवला तर झोप तशीच राहते. त्याहून वाईट म्हणजे १० ते १५ अंशांच्या आसपास बरेच महिने राहिला तर पान न काढता जुन्या गड्ड्याच्या डोक्यावर नवा छोटा गड्डा बसवतो आणि त्या वर्षाचं काम संपवतो. तुमचे तीनच आठवडे झालेत, त्यामुळे बहुतेक काही बिघडलेलं नसेल.

आता ते फ्रिजच्या आत नाही, फ्रिजच्या डोक्यावर ठेवा. मुंबईत ऑगस्टमध्ये घरात २७ ते २९ अंश असतातच, फ्रिजवर किंवा इन्व्हर्टरजवळ थोडे जास्त मिळतात. आपल्या हवेचा त्रास उष्णतेचा नाही, दमटपणाचा आहे. केपमध्ये विश्रांतीचा काळ कोरडा, आपल्याकडे नेमका पावसाळा. म्हणून प्लास्टिकची पिशवी नको. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत एकच थर पसरा, दर आठवड्याला हात फिरवून बघा. निळसर हिरवी बुरशी दिसली तर तो कंद वेगळा करा. बोटाने दाबल्यावर मऊ लागला तर टाकून द्या, त्यात जीव नाही.

ऑक्टोबरअखेर दहा आठवडे होतील. त्या वेळी दोन-चार कंद उलटे करून बुडाकडे बघा. बुडाच्या कडेने बारीक फोडांसारखी गोल रांग वर आलेली दिसली तर मुळं निघायला तयार आहेत. बूड सपाट आणि गुळगुळीत असेल तर आणखी दोन आठवडे थांबा. गेल्या वर्षीसारखी ऑक्टोबर हीटमध्ये लावायची घाई करू नका. नोव्हेंबरचा पहिला आठवडा बरा.

आता फुलांचं. गेल्या वर्षी तुमचे कंद उत्तम झोपून उठले होते, नाहीतर वीसच्या वीस उगवले नसते. बिघडलं ते पुढच्या टप्प्यात. फ्रीझियाचा फुलाचा कोंब तयार होतो तेव्हा झाडाचं वाढीचं टोक मातीच्या आत किंवा अगदी पृष्ठभागाशी असतं. म्हणजे फूल धरणार की नाही हे मातीचं तापमान ठरवतं, हवेचं त्या मानाने कमी. कंदाजवळची माती १२ ते १६ अंश असेल तर ६ ते ८ आठवड्यांत फुलोरा तयार होतो. १८च्या पुढे काम रेंगाळतं. २०-२२च्या वर झाड नुसती पानावर पानं काढत बसतं. हॉलंडमध्ये काचघरात उन्हाळी पीक घेताना ते वाफ्याच्या मातीत पाइप घालून थंड पाणी फिरवतात, ते यासाठीच.

मुंबईत जानेवारीत पहाटे १६-१८ आणि दुपारी ३०-३१. सरासरी २४च्या आसपास. उन्हात तापणाऱ्या काचेमागे कुंडीची माती त्याहून गरम. हे पाहता दोन झाडांना दांडा आला हेच नवल.

आणि तो ग्लॅडिओलससारखा दांडा म्हणजे अगदी नेमकी खूण आहे. फुलोरा तयार व्हायला सुरुवात झाली आणि मध्येच माती तापली की फ्रीझिया असाच येतो. मान वाकत नाही, फुलं लांब लांब पडतात, खालचं एखादं फूल तर बाकीच्यांपासून पार दूर एकटंच बसतं. उरलेल्या कळ्या फेब्रुवारीच्या उन्हाने वाळल्या.

थोडक्यात, विलायतेत काच थंडी बाहेर ठेवायला असते. आपल्याला थंडी आत, तीही मुळांशी, आणायची आहे. संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत काचा पूर्ण सरकवून ठेवा. मुलुंडला रात्री कुलाब्यापेक्षा गार असतात, तो फायदा सोडू नका. पण एवढ्याने भागणार नाही. माती वेगळी थंड करावी लागेल.

माती_पाणी_दादर

वरच्या उत्तरात तापमानाचं सगळं आलं आहे. मी तपकिरी टोकांबद्दल लिहितो, कारण ते वेगळं दुखणं आहे आणि माती थंड केली तरी जाणार नाही.

सुपर फॉस्फेट आणि पर्लाइट, दोन्ही काढून टाका. फ्रीझिया, ग्लॅडिओलस या घराण्याला फ्लोराइड अजिबात सोसत नाही. सुपर फॉस्फेट रॉक फॉस्फेटपासून बनतं आणि त्यात फ्लोराइड राहतंच. पर्लाइटमधूनही थोडं सुटतं. झाड ते पाण्याबरोबर वर ओढतं आणि ते पानाच्या टोकाला साठत जातं, म्हणून जळणं टोकापासून सुरू होऊन खाली उतरतं. करपलेला भाग आणि हिरवा भाग यांच्यामध्ये पेन्सिलने रेघ मारल्यासारखी कडा दिसते. तुमच्या पानांवर अशी कडा होती का ते जुन्या फोटोत बघा. पानाच्या मधोमध, शिरांच्या मध्ये आधी फिकट आणि मग तपकिरी पट्टे असतील तर गोष्ट वेगळी, तो विषाणू. तशी झाडं कंदासकट काढून कचऱ्यात टाकावीत, कंपोस्टमध्ये नाही.

माती आम्लधर्मी असेल तर फ्लोराइड जास्त शोषलं जातं. म्हणून मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ७ ठेवा. कोकणची लाल माती आम्लाकडे झुकते. १० लिटर मिश्रणाला २० ग्रॅम डोलोमाइट किंवा शेतीचा चुना मिसळा आणि लावणीआधी दोन आठवडे ओलसर ठेवून द्या. भिंतीला लावायचा कळीचा चुना वापरू नका, तो फार तिखट.

मिश्रणात लाल माती दोन भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, चाळलेली जाड वाळू एक भाग, गांडूळखत अर्धा भाग. वाळू नदीची घ्या. समुद्राची खारट वाळू चुकूनही नको. कोकोपीटची वीट भिजवून तीन वेळा पिळून पाणी बदला, त्यातला खार निघाला पाहिजे. फ्रीझियाला मिठाचाही त्रास होतो आणि तेही टोकालाच दिसतं. शेणखत एक तृतीयांश हे फारच झालं. लुसलुशीत लांब पानं आणि आडवी पडणं, दोन्ही त्यातूनच.

पाणी महापालिकेचं वापरा. तलावांचं पाणी आहे, क्षार कमी. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून घ्या. ३००च्या वर असेल तर पिण्याच्या नळाचंच द्या.

लावताना सहा इंची कुंडीत ६ कंद, टोक वर, वर ५ सेंटिमीटर माती. लावण्याआधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा. रसायन नको असेल तर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लिटरला १० ग्रॅम. यातला मुख्य शत्रू फ्युजेरियम बुरशीमुळे येणारा मर रोग. त्यात पान एका बाजूने पिवळं पडतं आणि कंद कापला की आत तपकिरी डाग दिसतो. लावल्यावर एकदाच भरपूर पाणी आणि मग कोंब दिसेपर्यंत नुसता ओलावा. मुळं नसताना चिखल केला तर कंद तळाकडून कुजतो. खत पान बोटभर झाल्यावर: लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि अर्धा ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, दर दहा दिवसांनी. कॅल्शियममुळे फ्लोराइडचा जाचही कमी होतो.

आधाराला पान वीतभर झाल्याबरोबर कुंडीच्या कडेला चार बांबूच्या काड्या, १५ आणि ३० सेंटिमीटरवर सुतळीचे दोन फेरे. पानं पडल्यावर बांधायला गेलात तर बुडाशी मोडतात.

मुलुंडची_खिडकी

कंद काढले आणि फ्रिजवर जाळीत ठेवले. जुने फोटो मोठे करून बघितले. रेघ अगदी स्पष्ट आहे, करपलेला भाग आणि हिरवा भाग कातरल्यासारखे वेगळे. म्हणजे सुपर फॉस्फेटच.

आता माती थंड करायची कशी? मातीच्या कुंड्या ओल्या वाळूत पुरून ठेवल्या तर माठातल्या पाण्यासारखी गार राहील का?

वसईचा_वाफा

माठाची युक्ती मुंबईत अर्धवटच लागू पडते. बाष्पीभवनाने पाणी किती गार होईल हे हवेच्या दमटपणावर ठरतं. नागपूरला एप्रिलमध्ये माठ गार पडतो, कारण हवा कोरडी. मुंबईत जानेवारीच्या दुपारी ३० अंश आणि ४० टक्के आर्द्रता धरली तर ओल्या कापडाचं तापमान २०च्या जरा वरच थांबतं. म्हणजे उत्तम वारा असला तरी माती २१-२२. तुम्हाला हवे आहेत १५. दमट दिवशी तर तेवढंही नाही. दुपारचा ताप कमी करायला युक्ती चांगली, फूल धरायला अपुरी.

बर्फच लागेल, पण तो हिशेबाने लावला तर जड जात नाही. मासळी बाजारात मासे येतात त्या थर्माकोलच्या पेट्या असतात ना, दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, फूटभर उंच, भिंत इंचभर जाड, ती एक घ्या. गरम पाणी आणि सोड्याने धुऊन दोन दिवस उन्हात टाका. तळाला एका कोपऱ्यात पेन्सिलएवढं भोक पाडा. तळावर लाकडाच्या दोन पट्ट्या, साधारण ३ सेंटिमीटर उंच, आणि त्यावर सहा इंची चार कुंड्या, चार कोपऱ्यांत. मध्ये आणि बाजूला बाटल्यांची जागा राहते. पट्ट्या विसरू नका. बाटल्यांना घाम सुटतो, तळाशी पाणी साचतं, कुंड्या त्यात बसल्या तर मुळं गेली.

झाकण कापून दोन तुकडे करा आणि झाडांच्या जागी अर्धवर्तुळं काढा, म्हणजे दोन्ही बाजूंनी आणून गळ्यापाशी बंद करता येईल. कुंडीची कड झाकणाच्या लगोलग खाली आली पाहिजे. पानं बाहेर उजेडात, माती आत गारव्यात. पेटीला बाहेरून पांढरा रंग किंवा पांढरं कापड, आणि पेटीवर थेट ऊन पडू नये म्हणून समोर एक फळी.

हिशेब असा. बाहेर २५ आणि आत १५ असताना अशा पेटीत भिंती आणि झाकणाच्या फटी मिळून साधारण १५ वॅट उष्णता शिरते. १२ तासांत ती सुमारे ६५० किलोज्यूल होते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणून लिटरच्या दोन बाटल्या सकाळी, दोन संध्याकाळी. बाटली काठोकाठ भरू नका, चार बोटं रिकामी ठेवा, नाहीतर फ्रीझरमध्ये फुटते. बाटल्यांचे दोन संच हवेत, कारण घरच्या फ्रीझरला त्या पूर्ण गोठवायला ८ ते १२ तास लागतात. पहिले दोन दिवस माती गार होण्यातच बर्फ जातो, तेव्हा तीन-तीन घाला.

बाटली कुंडीला टेकवू नका, दोन बोटं अंतर. टेकली तर त्या बाजूची मुळं ५-६ अंशांवर जातात आणि झाड पाणी ओढणं बंद करतं. माती ओली असताना पान मलूल दिसलं तर हेच झालं समजा.

आणि अंदाजाने काही करू नका. मत्स्यालयाच्या दुकानात वायरच्या टोकाला काडी असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो. तो ५ सेंटिमीटर खोल, कंदाच्या शेजारी खोचा आणि दिवसातून तीनदा आकडा वहीत लिहा. आकडा १३ ते १६मध्ये राहिला पाहिजे. दुपारी तीनला १७ वाचला तर काळजी नाही, पण सलग दोन-तीन दिवस १९-२० वाचला तर बाटल्या वाढवा.

कधी सुरू करायचं: लावल्यापासून पहिले तीन-चार आठवडे २०-२२ अंशच हवेत, उगवण त्यात चांगली होते. हे मात्र ओल्या वाळूने बऱ्याच अंशी जमतं. प्रत्येक कोंबाला तीन पानं उघडली की बर्फ सुरू. म्हणजे साधारण डिसेंबरचा पहिला आठवडा. तिथून ७ आठवडे न चुकता. मध्येच चार दिवस गावाला जाऊन आलात तर तुमचा तो ग्लॅडिओलसवाला दांडा पुन्हा येणार. फुलोऱ्याच्या मधल्या काळात तापणं हे अजिबात थंड न करण्यापेक्षाही वाया जाणारं काम आहे. शेजारी सांगून ठेवा.

थांबायचं कधी? पानांचा पंखा बुडाशी चिमटीत धरून हळूच वर सरकत जा. आत कडक, किंचित फुगीर काही हाताला लागलं तर तो दांडा. बहुतेक झाडांना तो लागला की बाटल्या एकदम बंद न करता आठवडाभर दिवसाला दोनच करा. मग हवा १८-२२ असली तरी चालते. २५च्या वर मात्र कळ्या लहान राहतात आणि टोकाच्या गळतात. फेब्रुवारीत दुपारी १२ ते ४ काच उघडी आणि ३५ टक्क्यांची शेडनेट.

गारवा_कपाट

बर्फाची पेटी चालते, पण रोज दोनदा दोन महिने ते ओझं वाहणं सगळ्यांना झेपत नाही. दुसरा मार्ग: किराणा दुकानात कोल्ड्रिंकचा उभा काचेच्या दाराचा फ्रिज असतो, तो जुन्या बाजारात मिळतो. जागा असेल तर ते खरं मुंबईचं काचघर.

त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट ४-५ अंशांवर नेतो, म्हणून प्लगच्या मध्ये डिजिटल टेंपरेचर कंट्रोलर लावायचा. १५ अंश, फरक १.५, कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला ५ मिनिटांची थांबण. सेन्सर हवेत टांगू नका, कुंडीच्या मातीत खोचा. कप्प्यांमधलं अंतर ६० सेंटिमीटर हवं, म्हणजे सहसा मधला एक रॅक काढावा लागतो. पांढऱ्या एलईडी ट्यूब आत लावल्या तर त्यांची उष्णता आतच राहते आणि कॉम्प्रेसर दमतो. त्या दाराच्या बाहेर, काचेला लागून उभ्या लावा, दिवसाला १२ तास. झाडं दाराकडे झुकतात, कुंड्या दर दोन दिवसांनी अर्धा फेरा फिरवा. उजेड कमी पडला तर दांडे येतात पण कळ्या पोकळ राहतात.

दोन पथ्यं. आतली हवा ओलसर होते, पाकळ्यांवर राखाडी बुरशीचे पाणचट ठिपके येतात, म्हणून रोज सकाळी दहा मिनिटं दार उघडं आणि आत छोटा पंखा. आणि त्याच कपाटात सफरचंद, केळी, आंबे कधीच नाहीत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि फ्रीझियाच्या कळ्या त्याने मिटलेल्याच सुकतात. स्वयंपाकघरात फुलदाणी ठेवतानाही हे लक्षात असू द्या.

चार कुंड्यांसाठी वेगळं कपाट घ्या असं मी म्हणणार नाही. २० कुंड्या असतील तर विचार करा.

मुलुंडची_खिडकी

पेटीच करणार. ३० कंद, म्हणजे पाच कुंड्या होतात, पेटीत चार मावतात. उरलेले सहा कुठे घालू? दुसरं, फुलं झाल्यावर कंद पुढच्या वर्षी चालतात का? आणि वास सगळ्याच रंगांना सारखा का? पाकिटावर 'मिश्र रंग' एवढंच आहे.

कंदमुळे_ठाणे

चारच कुंड्या करा आणि कंद निवडून लावा. दोरा गुंडाळून प्रत्येकाचा घेर मोजा. ५ सेंटिमीटरच्या वरचे फुलतात, ७च्या वरचे बाजूला दुसरा दांडाही देतात. सगळ्यात लहान सहा बाजूला काढलेत तर काहीच गमावत नाही, ते असेही फुलले नसते. त्यांना वेगळ्या कुंडीत वाढवून मोठं करता येतं.

पुढच्या वर्षाचं खरं सांगायचं तर मुंबईत त्यावर भिस्त ठेवू नका. फुलं संपली की पानांना अजून ६ ते ८ आठवडे हिरवं राहू द्यायचं, कारण जुना गड्डा तोवर सुकलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर नवा भरत असतो. आपल्याकडे मार्चच्या उन्हात पानं चार आठवड्यांतच पिवळी पडतात आणि नवा गड्डा लहान राहतो. तरी प्रयत्न करायचा तर फुलं झाल्यावर कुंड्या पूर्वेकडे, घराच्या सावलीत न्या, पाणी चालू ठेवा, पान अर्धं पिवळं झाल्यावरच बंद करा. कोरड्या मातीतून उकरा, खालचा सुरकुतलेला जुना गड्डा बोटाने सोलून काढा, बाजूची वाटाण्याएवढी पिल्लं वेगळी ठेवा. मे महिन्याचा ताप त्यांना आयता मिळतो. जूनपासून जाळीची पिशवी आणि फ्रिजचं डोकं.

वास सारखा नसतो. पांढरे, दुधी आणि पिवळे बहुधा सगळ्यात सुवासिक, जांभळे त्याखाली. लालभडक प्रकारांत वास बऱ्याचदा नावापुरता. या वासाचा मोठा भाग लिनालूल या सुगंधी द्रव्याचा. धण्याच्या तेलातही मुख्य तेच असतं. म्हणून जवळून हुंगलं की गोडव्याच्या मागे किंचित धण्यासारखा मसालेदार ताजेपणा लागतो. पुढच्या खेपेला मिश्र पाकीट घेण्याऐवजी नुसते पांढरे मागवा.

गिरगाव_भुईचाफा

सगळीच उत्तरं मोलाची आहेत. फक्त एक पुस्ती जोडते, बर्फ न घालता वसंतात कंदातून सुगंध हवा असणाऱ्यांसाठी.

आपला भुईचाफा. दिवाळीनंतर पानं झडतात, तेव्हा कुंडी भिंतीकडे सरकवून पाणी पूर्ण बंद करा. फेब्रुवारीअखेर एकदा हलकं पाणी. ऊन तापायला लागलं की पानाआधी थेट मातीतून जांभळ्या-पांढऱ्या पाकळ्या वर येतात. एक फूल दिवसभरच टिकतं, पण एका जुन्या गड्ड्याला आठवडे दोन आठवडे ओळीने येत राहतात. कंद ५ सेंटिमीटर खोल, कुंडी उथळ आणि रुंद. हिवाळ्यात चुकून पाणी पडत राहिलं तर कुजतो, एवढंच भय. हवेचा दमटपणा त्याला मानवतो.

दांड्यावरचं सुवासिक फूल हवं असेल तर ग्लॅडिओलस म्युरिएली, बाजारात याला ॲसिडँथेरा म्हणतात. पांढरं, मध्ये गर्द जांभळा डाग, संध्याकाळी दरवळतो. हा पूर्व आफ्रिकेचा, उन्हाळी पावसात वाढणारा, म्हणून त्याला थंड माती लागत नाही. वेळ मात्र वसंताची नाही. मेअखेर १० सेंटिमीटर खोल लावला तर पावसाळा ओसरताना फुलतो. काचबंद बाल्कनीत लावाल तर फुलकिड्यांवर नजर ठेवा, बंद गरम हवेत ते झपाट्याने वाढतात. पानावर रुपेरी ओरखडे दिसले की निळे चिकट सापळे लावा आणि लिटरला ५ मिली निंबोळी तेल, साबणाच्या थेंबासह, सूर्य मावळल्यावर फवारा. फ्रीझियालाही हेच. मावा दिसला तर आणखी तातडीने, कारण फ्रीझियातला मोझॅक विषाणू मावाच पसरवतो.

मुलुंडची_खिडकी

दोऱ्याने सगळे मोजले. ७च्या वर ११, ५ ते ७मध्ये १४, बाकी पाच लहान. म्हणजे चार कुंड्यांना २५ मोठे कंद. तीन कुंड्यांत ६ आणि एकीत ७ चालतील का? पेटी उद्या बाजारातून आणते.

वसईचा_वाफा

सात चालतील, फक्त ती कुंडी सात इंची घ्या आणि पेटीत मावते का आधी रिकामीच ठेवून बघा. पेटी आणायला जाल तेव्हा झाकण घट्ट बसतं का तपासा. बऱ्याच पेट्यांची कड फुटलेली असते आणि निम्मा गारवा तिथूनच जातो.